परतीची सीट

"तिथे मला काका म्हणायचं," बाबा म्हणाले. "घाणेकर काका. आणि अहो-जाहो करायचं."

"अहो-जाहो तर मी घरीही करते."

"ते वेगळं. परक्या माणसाला करतात तसं कर."

ते ओट्यावर जुनी चादर पसरून रुमालाला इस्त्री करत होते. निळ्या काठाचा मोठा पांढरा रुमाल. बाबांनी सगळी हयात वीज मंडळात मीटर तपासण्यात घालवली होती, आणि आकडा नसलेल्या वस्तूंकडेही ते मीटरकडे बघावं तसे डोळे बारीक करून बघत. रुमालाची चौथी घडी जुळेना, म्हणून त्यांनी तो पुन्हा उलगडला.

"एवढ्या इस्त्रीनं कुणी हो म्हणत नाही, बाबा."

"काका," ते म्हणाले.

त्या वर्षी मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. कॉलेजात माझ्यापुढे असलेल्या निनादने साताऱ्यात निसर्गसहलींचा छोटा व्यवसाय काढला होता आणि त्याच्यासाठी मी लोकांना पठारं, धबधबे, दगड दाखवत होते. डिसेंबरात एका मंडळाने अख्खी बस ठरवली. साठी ओलांडलेल्या, एकट्या राहिलेल्या स्त्री-पुरुषांचं मंडळ. जोडीदार गेलेल्यांना पुन्हा कुणाची सोबत हवी असेल, तर हॉलमध्ये समोरासमोर खुर्च्या मांडून बसवण्यापेक्षा दिवसभर एकत्र हिंडवावं, अशी त्यांची पद्धत. सकाळी लाव्हाचं पठार, मग घाट उतरून कोकणातली गरम पाण्याची कुंडं, संध्याकाळी परत. ही सहल मीच नेणार हे सांगितल्यावर दोन दिवसांनी बाबा चहा पिता पिता म्हणाले, "मीही नाव नोंदवलंय."

आईला जाऊन पाच वर्षं झाली होती. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं केलंत." मला खरंच बरं वाटलं होतं का, ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

अडचण एकच होती. मंडळात मुलाबाळांना सक्त मनाई. मागे एका सहलीत कुणाचा तरी मुलगा मोटारसायकलवरून बसचा पाठलाग करत आला होता आणि आईला अर्ध्या वाटेत उतरवून घेऊन गेला होता. तेव्हापासून कुणाचं घरचं माणूस आसपास दिसलं, तर त्या सभासदाचं नाव कमी व्हायचं. म्हणून मी त्या दिवशी नुसती जुई, आणि बाबा घाणेकर काका.

मलाही एक गोष्ट लपवायची होती. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत माझी निवड झाली होती आणि महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. निनाद सोडून कुणालाच मी ते सांगितलं नव्हतं. बाबांना वरण-भात येतो, पण फक्त स्वतःपुरता वरण-भात लावणारा माणूस डोळ्यांपुढे आला की मला हैदराबाद फार लांब वाटायचं.

बस सुटताच वर्देबाईंनी माझ्या हातातला माईक घेतला. त्या मंडळाच्या चालक, निवृत्त मुख्याध्यापिका; माईकची त्यांना तशी गरज नव्हती.

"नव्या लोकांसाठी सांगते. जाताना चिठ्ठीत येईल ती सीट. प्रत्येक थांब्याला पुरुष एक ओळ पुढे सरकतील, म्हणजे सगळ्यांचं सगळ्यांशी बोलणं होईल. जागा बदलून मागायची नाही. परतीला मात्र हवं तिथे बसायचं. ज्याच्याशेजारी बसाल, त्याच्याशी पुढे बोलायची तुमची तयारी आहे असं मी धरते आणि दोघांना एकमेकांचा फोन नंबर देते. तोंडाने कुणी काही विचारायचं नाही, कुणी नाही म्हणायचं नाही. उगाच कुणाचा अपमान नको. आणि ज्यांना कुणाशेजारीच बसायचं नाही, त्यांच्यासाठी मागचं लांब बाकडं आहे. त्यातही काही कमीपणा नाही."

"मागच्या बाकड्यावर मी तीन सहली काढल्यात," एक गृहस्थ म्हणाले. हे भोईटे अण्णा, शाळेतले जुने पी.टी. मास्तर. "कंबर गेली, पण अब्रू राहिली."

बस हसली. आरशात मला बाबा दिसत होते. ते हसले नाहीत. नियम मनात पक्के करत होते.

पठारावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. फुलांचे दिवस सरले होते. गुडघाभर सोनेरी गवत आणि मधे मधे काळा कातळ. मी सगळ्यांना कड्याच्या अलीकडे उभं केलं आणि समोरच्या डोंगरांच्या पायऱ्या दाखवल्या.

"ह्यातली प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एक थर. इथे शंकूसारखा ज्वालामुखी नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. एक थर निवला की त्यावर दुसरा."

"आणि आता?" भोईटे अण्णांनी विचारलं.

"आता काही नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच सगळं थंड झालं."

"म्हणजे ज्याला बघायला आलो तो केव्हाच गेला म्हणा की!"

बोलून गेल्यावर त्यांनाच ते कसंतरी झालं. तिथल्या प्रत्येकाचं कुणीतरी गेलेलं होतं.

"बरं झालं गेला ते," मागून एक आवाज आला. "जिवंत असता तर आपल्याला वर पाय ठेवू दिला असता का?"

सगळे एकदम हसले. अण्णा तर सुटका झाल्यासारखे. आवाज टिपणीस काकूंचा होता. शैलजा टिपणीस: साडीखाली कॅनव्हासचे बूट, मानेपर्यंत कापलेले पांढरे केस, परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. सकाळपासून त्या एकट्याच प्रत्येक दगडाला हात लावून बघत होत्या.

थोड्या वेळाने बाबा हातात दगड घेऊन आले. त्यांच्यामागे काकू.

"मॅडम," बाबा गंभीरपणे म्हणाले, "ह्या दगडात हे पांढरं काय चमकतंय?"

असल्या दगडांची तीन खोकी घरी माझ्या पलंगाखाली होती आणि ती बाबाच दर दिवाळीला पुसत.

"झिओलाइट आहे, काका. लाव्हात हवेचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर पाणी झिरपलं आणि स्फटिक तयार झाले."

"बघा," बाबा काकूंना म्हणाले. "मी तेच सांगत होतो."

"तुम्ही साखर म्हणाला होतात," काकू म्हणाल्या.

"साखरेसारखं म्हणालो होतो."

मी पाठ फिरवली, कारण मला हसू आवरेना. बाबांनी कुणाशी थट्टा करून किती काळ लोटला होता!

पुन्हा बसमध्ये चढताना पुरुष एक ओळ पुढे सरकले आणि घाट उतरताना बाबा नेमके टिपणीस काकूंच्या शेजारी आले. बाबा खिडकीशी, काकू बाहेरच्या बाजूला. पहिली चार-पाच वळणं दोघं बोलत होते. मग काकू गप्प झाल्या. मग त्यांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली.

"ड्रायव्हरदादा, जरा बाजूला घ्या," बाबा उठून म्हणाले.

काकू रस्त्याच्या कडेला जाऊन आल्या. मी पाण्याची बाटली नेली तर बाबा आधीच बाटली घेऊन उभे.

"पोहे तेलकट होते," काकू चूळ भरून म्हणाल्या. "घाटाचं काही नाही. मी जन्मभर दुसऱ्यांच्या उलट्या सावरल्यात, मला कसला घाट लागतोय!"

सगळे उतरलेच होते आणि समोर डोंगर कापून काढलेल्या भिंतीत एक सुरेख तांबडा पट्टा होता. मी संधी सोडली नाही.

"हा पट्टा बघा. खालीही काळा लाव्हा, वरही काळा लाव्हा, मधे हा लाल. खालचा थर निवला, तेव्हा वरचा लगेच आला नाही. मधे बराच काळ गेला. तेवढ्यात खालच्या दगडाची वरवर माती झाली, बहुधा तिच्यावर काही उगवलंही. मग नवा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली."

"मधे किती काळ?" काकूंनी विचारलं. चेहरा अजून पांढराफटक होता, पण प्रश्न विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"सगळीकडे सारखा नसतो. हजारो वर्षंही असतील."

"एवढी सवड आम्हाला नाही गं बाई," त्या म्हणाल्या आणि बाबांकडे बघून हसल्या.

बाबा मात्र बसच्या खिडक्यांकडे बघत होते, डोळे बारीक करून. "वर्देबाई," त्यांनी विचारलं, "चिठ्ठीत आलेली सीट आपसांत बदलली तर चालत नाही ना?"

"जाताना नाही. सकाळी सांगितलं मी. परतीला हवं तिथे बसा."

"बरं," बाबा म्हणाले.

कुंडं महामार्गापासून आत, आंब्याच्या झाडांखाली होती. देऊळ, त्यामागे दगडी भिंतींच्या दोन न्हाण्या, एक बायकांची, एक पुरुषांची, आणि दोन्हींचं पाणी एकत्र होऊन निवत बाहेर पडणारा उघडा पाट. मी आधीच सांगून ठेवलं होतं, की हे पाणी ज्वालामुखीमुळे गरम नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. वर्देबाईंना ते आवडलं नाही. "ज्वालामुखी म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?" त्या पुटपुटल्या. "पत्रकात तसंच छापलंय."

बायकांच्या न्हाणीत वाफ दाटली होती. गंधकाचा वास, हिरवट झालेला दगड. कुंडात थेट उतरायची सोय नव्हती; पाणी इतकं कढत, की बादलीत काढून निववून घ्यायचं. बाकीच्या बायका आटोपून बाहेर गेल्या. मी दोरीला बांधलेला तापमापक कुंडात सोडून बसले होते, आणि टिपणीस काकू पायरीवर बसून तांब्याने गुडघ्यांवर पाणी ओतत होत्या.

"तुझं बरं आहे," त्या म्हणाल्या. "कढत आहे का कोमट, ते आकड्यात कळतं. आम्हाला परतीच्या सीटपर्यंत ठरवायचंय."

मी जपून विचारलं, "कुणी आहे का मनात?"

"आहे म्हणजे, होता. ते घाणेकर. माणूस बरा वाटला. बढाई नाही, रड नाही. बायकोबद्दल बोलले तेही किती नीट बोलले. नाहीतर तो सकाळचा एक! त्याची बायको देवी होती म्हणे. देवीच्या जागी मी कशी पुरणार?"

"मग?"

त्यांनी तांब्या पायरीवर ठेवला. "मुलगी आहे त्यांना. तिला हैदराबादला मोठं काम मिळालंय म्हणाले. बापाला एकटं टाकवत नाही म्हणून पोर जात नाही आणि सांगतही नाही. म्हणून ह्यांनी मंडळात नाव घातलं, की घरात कुणी आलं म्हणजे ती मोकळी होईल. चांगल्याच मनाने सांगितलं गं. पण मला कुणाच्या मुलीच्या गाडीचं तिकीट व्हायचं नाही. मी माणूस आहे. माझ्यासाठी म्हणून कुणाला हवी असले तर ठीक, नाहीतर माझं घर मला पुरतं."

मी दोरी वर ओढली. तापमापकावरचा आकडा मी बघितला आणि लगेच विसरले. बाबांना माहीत होतं. निनादने सांगितलं असणार. त्याच्या पोटात काही राहत नाही.

"काय गं, चटका बसला का?" काकूंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "वाफ गेली डोळ्यांत."

बाहेर आले तर बाबा चहाच्या टपरीमागे एकटेच उभे होते. मी खाली वाकून एक दगड उचलला आणि तो त्यांच्यापुढे धरला.

"काका, हा बघा," मी मोठ्याने म्हणाले, आणि मग हळूच, "हैदराबादचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाबांनी दगड हातात घेतला आणि उलटसुलट केला. "ते महत्त्वाचं नाही."

"आणि तुम्ही ते त्यांना सांगितलंत?"

"घरी कोण असतं, असं विचारलं त्यांनी. खोटं सांगू?"

"माझ्यासाठी कुणाच्या शेजारी बसू नका, बाबा."

"काका," ते सवयीने म्हणाले. मग अंगठ्याने दगडावरची माती पुसली. "आलो होतो तुझ्यासाठीच. ते खरंय. पण मला आपलं बसावंसं वाटत असलं तर?"

असं काही बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी दुसरीकडे बघितलं, त्यांना अवघडायला नको म्हणून.

"मग माझ्याविषयी बोलू नका. दुसरं काहीतरी बोला."

"काय बोलू? तीस वर्षं मी मीटरशी बोललोय."

"मग मीटरबद्दल बोला."

ते गेले. पाटाच्या काठावर सगळेच पाय सोडून बसले होते, बायका-पुरुष, एका ओळीत. साड्या गुडघ्याशी धरलेल्या, पँटी वर दुमडलेल्या. बाबा जाऊन टिपणीस काकूंच्या जवळ बसले, मधे एका माणसाची जागा ठेवून. मी दुरून बघत होते. बाबा हातवारे करत होते. लोक चुंबक लावून मीटर कसे बंद पाडतात आणि ते कसं ओळखायचं, ते चाललेलं होतं, हे मला त्या हातवाऱ्यांवरून कळलं. काकू एकदा हसल्या. मग इतक्या हसल्या, की त्यांना पाटाचा काठ धरावा लागला. मधली जागा कुणी कमी केली ते मी बघितलं नाही, पण पुढच्या खेपेला बघितलं तेव्हा ती नव्हती.

निघायची वेळ झाली. वर्देबाईंनी टाळी वाजवली. मी दारापाशी उभी होते. बाबा सगळ्यांच्या आधी बसपाशी आले, पण दारातून चढले नाहीत. बाहेरूनच त्यांनी टाचा उंचावल्या, खिशातला रुमाल काढला आणि उघड्या खिडकीतून आतल्या सीटवर टाकला. मग पाटावर विसरलेली पाण्याची बाटली आणायला परत गेले.

लहानपणी प्रत्येक सुट्टीत मी हे बघितलं होतं. एस.टी. फलाटाला लागायच्या आत बाबा गर्दीतून धावत जात आणि खिडकीतून रुमाल टाकत. आईला खिडकी लागायची. रुमाल पडला की जागा आपली; त्यावर कुणी बसत नसे, भांडत नसे. आता आई नव्हती आणि हात मात्र तसाच वर गेला होता. मला वाटलं, पाटावर हसले खरे, पण जागा अजून तिचीच आहे. मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं गोडही वाटलं.

टिपणीस काकू चढल्या. पिशवी खांद्याला लावून त्या सरळ घाट उतरताना दोघं बसले होते त्या सीटपाशी गेल्या आणि थबकल्या. खिडकीच्या जागेवर रुमाल. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. विचारायचं तर तोंडाने बोलायचं नाही हा नियम. आणि साताऱ्यात वाढलेल्या बाईला सीटवरच्या रुमालाचा अर्थ काय विचारावा लागतो? जागा धरलेली आहे, दुसऱ्या कुणासाठी. त्या क्षणभर उभ्या राहिल्या, पिशवी सावरली आणि मागच्या लांब बाकड्यावर जाऊन बसल्या.

बाटली घेऊन बाबा आले. त्यांनी आधी आपल्या सीटकडे बघितलं, मग मागे. मग बाहेरच्या बाजूला बसले आणि समोर बघत राहिले. रुमाल त्यांनी उचलला नाही.

बस सुटली. वर्देबाई मधल्या वाटेने जाऊन जोड्या बघून आल्या. भोईटे अण्णांच्या शेजारी चक्क कुणीतरी बसलं होतं आणि ते इतके गप्प होते, की ओळखू येईनात. चिपळूण मागे पडलं. घाटाच्या पायथ्याशी, देवीच्या घुमटीपाशी ड्रायव्हर हणमंतरावांनी गाडी थांबवली.

"नारळ फोडून येतो. घाट हाय म्होरं."

ते उतरले, तसे बाबा उठून माझ्याजवळ आले. वाकून, हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक काम करा. टिपणीसबाई मागे बसल्यात. तिथे गाडी जास्त उडते. त्यांना घाट लागतो, त्या कबूल करत नाहीत एवढंच. पुढच्या कुणाला तरी जागा द्यायला सांगा. खिडकीची."

"तुमच्याशेजारची खिडकी रिकामीच आहे की."

"ती त्यांच्यासाठीच धरली होती," बाबा म्हणाले. "पण त्या मागे गेल्या. नको असेल त्यांना. ते ठीकच आहे. घाटात त्रास होऊ नये, एवढंच."

रुमाल आईसाठी नव्हता. सकाळपासून त्यांच्या डोक्यात तो तांबडा पट्टा नव्हता, झिओलाइट नव्हतं. एका बाईला खिडकी मिळाली नाही, एवढंच होतं. तो ओळखीचा रुमाल त्यांनी नव्या माणसासाठी टाकला होता, आणि तो वाचायला मी चुकले, काकू चुकल्या, आणि काकूंचं मागे जाणं वाचायला बाबा चुकले.

"तुम्ही जाग्यावर बसा," मी म्हणाले. "बघते मी."

हणमंतराव खोबरं वाटत चढले. मी माईक हातात घेतला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. वर्देबाईंना वाटलं, मी घाटाची माहिती सांगणार. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं.

"टिपणीस काकू," मी म्हणाले, "आता घाट सुरू होतोय. माझ्या बाबांनी तुमच्यासाठी खिडकी धरून ठेवलीय."

बसमध्ये कुणी खोबरंसुद्धा चावेना. मग एकेक मान फिरायला लागली. माझ्याकडे, मग बाबांकडे, मग परत माझ्याकडे.

"तुझे बाबा?" वर्देबाई म्हणाल्या.

"नाक बघा ना," भोईटे अण्णा म्हणाले. "मी सकाळीच म्हणणार होतो."

मागच्या बाकड्यावर काकू उभ्या राहिल्या होत्या. "तू?" त्या म्हणाल्या. "आणि मी तुला तिथे न्हाणीत..."

"हो."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी बाबांकडे बघितलं. "आणि तो रुमाल?"

बाबा उठले. अख्खी बस त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या होत्या. "तुम्हाला सकाळी त्रास झाला ना. म्हणून खिडकी."

"मग तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तोंडाने बोलायचं नाही असा नियम आहे," बाबा म्हणाले.

हसण्याने काचा हादरल्या. वर्देबाईंनाही हसू फुटलं, ते त्यांनी पदराने झाकलं. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या मधल्या वाटेत आल्या, दोन्ही बाजूंच्या सीटच्या दांड्या धरून उभ्या राहिल्या आणि थेट मला विचारलं:

"तू हैदराबादला जाणार आहेस की नाही?"

हा प्रश्न मी पंधरा दिवस टाळत होते, आणि तो एका परक्या बाईने भरल्या बसमध्ये विचारला. माईक अजून माझ्या हातात होता.

"जाणार आहे," मी म्हणाले. "तुम्ही कुठेही बसलात तरी जाणार आहे. इथे बसा नाहीतर मागे बसा, माझ्या जाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. बाबांना वरण-भात येतो."

"उसळही येते," बाबा म्हणाले.

"मटकीची?" काकूंनी विचारलं.

"मुगाची."

काकूंनी जरा विचार केला. मग त्या एकेक दांडी धरत पुढे आल्या. बाबा बाजूला सरले. काकू आत शिरल्या, सीटवरचा रुमाल उचलला आणि त्या जागी बसल्या.

"हणमंतराव, घ्या गाडी," वर्देबाई म्हणाल्या. मग माझ्याजवळ येऊन, आवाज शक्य तितका खाली आणून, "नियमाप्रमाणे तुझ्या वडिलांचं नाव मला कमी करावं लागेल."

"हो, बाई."

"तसंही आता ठेवून काय उपयोग," त्या म्हणाल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

घाटात उन्हं कलली होती. सकाळचा तांबडा पट्टा आता आणखी लाल दिसत होता. मी काही बोलले नाही, पण आरशातून बघितलं तर काकू बाबांना बोटाने तो दाखवत होत्या. खिडकी उघडी होती. रुमाल त्यांनी नाकाशी धरला होता. एकदाही गाडी थांबवावी लागली नाही.

साताऱ्याला सगळे उतरले. वर्देबाईंनी नंबर दिले. बाबा टिपणीस काकूंच्या रिक्षेपर्यंत गेले. मी दोन पावलं मागे होते, सवयीने परकी.

काकूंनी रुमाल बाबांना दिला नाही. चार घड्या घालून पर्समध्ये टाकला.

"धुऊन देते," त्या म्हणाल्या.

"काही घाई नाही," बाबा म्हणाले.

ह्या गोष्टीला आता सहा वर्षं होतील. हैदराबादहून रविवारी फोन केला, की सगळं विचारून झाल्यावर शेवटी मी विचारते, "रुमाल मिळाला का?"

"देते म्हणाल्यात," बाबा सांगतात.

आणि मागून, स्वयंपाकघरातून, काकूंचा आवाज येतो, "अहो, वाळला नाही अजून!"